दमट हवेला न जुमानणारे कॅफीन : सेंद्रिय स्फटिकाची आखणी आणि घडण

सेंद्रिय स्फटिक घडवायचा म्हणजे नवा रेणू तयार करायचा, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात रेणू तोच ठेवून केवळ त्याची मांडणी बदलली, तरी पदार्थाची विद्राव्यता, कठीणपणा, वितळणबिंदू आणि ओलावा शोषण्याची वृत्ती यांत लक्षणीय फरक पडतो. मांडणी बदलण्याचा एक हुकमी मार्ग म्हणजे त्या रेणूला योग्य जोडीदार देऊन दोघांचा एकच स्फटिक बनवणे. अशा स्फटिकाला सहस्फटिक म्हणतात. त्यात दोन्ही घटक ठरावीक प्रमाणात एकाच जालकात, म्हणजे रेणूंच्या नियमित जाळीत, बसलेले असतात. मात्र त्यांच्यात नवा सहसंयुज बंध तयार होत नाही आणि विरघळल्यावर दोघेही आपापल्या मूळ रूपात वेगळे होतात.

या लेखात सर्व पायऱ्या एकाच उदाहरणाने दाखवल्या आहेत. शुद्ध, निर्जल कॅफीन दमट हवेत पाणी धरते आणि त्याचे हायड्रेट, म्हणजे पाणी सामावलेला स्फटिक, बनते; ऑक्झॅलिक आम्लाशी २:१ प्रमाणात त्याचा सहस्फटिक केला, तर तो अतिशय दमट हवेतही टिकतो. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये हे दाखवून दिले. पदव्युत्तर प्रयोगशाळेतील सामान्य साधनांनी हा प्रयोग करता येतो, आणि स्फटिकाच्या आखणीत कुठे विचार करावा लागतो व कुठे हात जपून चालवावा लागतो, हे त्यातून नीट समजते.

काम सुरू करण्याआधी एक इशारा. शुद्ध कॅफीनची चमचाभर पूडही पोटात गेली तर जिवावर बेतू शकते आणि ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. तयार होणारा सहस्फटिक अभ्यासासाठी आहे. तो औषध नाही आणि खाण्याचा पदार्थ तर मुळीच नाही. हातमोजे आणि चष्मा वापरावा, पूड उडू देऊ नये, मिथेनॉल धूरकपाटातच हाताळावे आणि वापरलेला खल इतर कामासाठी ठेवू नये.

आधी गुणधर्म, मग जोडीदार

आखणीची सुरुवात रसायनांच्या कपाटापासून करू नये. कोणता गुणधर्म हवा आहे आणि सध्याच्या स्फटिकात तो कोणत्या कारणाने मिळत नाही, हे दोन प्रश्न कागदावर मांडावेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न शोधता दहा-वीस आम्ले एकामागून एक घोटून पाहणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. त्यांना कधीकधी नवा स्फटिक मिळतोही, पण तो का मिळाला हे सांगता येत नाही आणि पुढच्या रेणूसाठी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

कॅफीनचा रेणू या दृष्टीने पाहावा. हायड्रोजन बंधासाठी हायड्रोजन देऊ शकेल असा एकही एन-एच किंवा ओ-एच गट त्याच्याकडे नाही, कारण त्या जागा मेथिल गटांनी अडवल्या आहेत. हायड्रोजन स्वीकारणाऱ्या जागा मात्र तीन आहेत : दोन कार्बोनिल ऑक्सिजन आणि इमिडॅझोल वलयातील एक मोकळा नायट्रोजन. निर्जल कॅफीनच्या स्फटिकात या नायट्रोजनाला सशक्त दाता मिळत नाही. हवेतील पाण्याचा रेणू तीच रिकामी जागा पकडतो. कॅफीनच्या हायड्रेटमध्ये पाणी याच नायट्रोजनाला हायड्रोजन बंधाने धरून बसलेले असते. म्हणजे दमटपणाचा त्रास कशामुळे होतो, याचे उत्तर एका अणूपर्यंत येऊन थांबते, आणि पाण्याच्या आधी त्या नायट्रोजनाला दुसरा, अधिक सशक्त दाता देणे हा उपाय त्यातूनच सुचतो.

असा दाता म्हणून कार्बॉक्सिलिक आम्लाचा ओ-एच गट उत्तम ठरतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात काम करणाऱ्या मार्गारेट एटर यांनी अनेक संरचना तपासून मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो : स्फटिकातील सर्वांत चांगला दाता सर्वांत चांगल्या स्वीकारकाशी जोडला जातो, आणि उरलेल्यांची जुळणी त्यानंतर होते. दोन गटांच्या अशा ठरावीक, पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या जोडणीला गौतम देसीराजू यांनी १९९५ मध्ये अतिरेण्वीय सिंथॉन हे नाव रूढ केले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या देसीराजू यांनी हैदराबाद येथे, आणि पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, या विषयाची पायाभरणी केली. स्फटिक-अभियांत्रिकी हा शब्द १९५५ मध्ये रे पेपिन्स्की यांनी वापरला होता, आणि १९६०च्या दशकात इस्राएलमधील वाइझमन संस्थेत गेर्हार्ड श्मिट यांनी सिनॅमिक आम्लांच्या स्फटिकांत प्रकाशकिरणांनी अभिक्रिया घडवून त्या शब्दाला प्रत्यक्ष अर्थ दिला. तरीही आज आखणी करताना आपण जी भाषा वापरतो ती मुख्यतः सिंथॉनचीच आहे.

सिंथॉन निवडताना तो कागदावर किती सुबक दिसतो यापेक्षा तो किती वेळा खरोखर तयार होतो, हे पाहावे. त्यासाठी केंब्रिज संरचना संग्रहाचा आधार घ्यावा. १९६५ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात २०१९ पर्यंत सेंद्रिय आणि धातु-सेंद्रिय स्फटिकांच्या दहा लाख संरचना जमा झाल्या होत्या. दोन कार्बॉक्सिलिक आम्लगटांनी समोरासमोर येऊन बांधलेली जोडी प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. प्रत्यक्षात अशा आम्लांच्या सुमारे एक तृतीयांश संरचनांमध्येच ती आढळते, कारण इतर स्वीकारक स्पर्धेत असले की ती सहज मोडते. उलट आम्लाचा ओ-एच आणि पिरिडिनसारख्या वलयातील नायट्रोजन यांची जोडी, इतर स्पर्धक नसताना, दहापैकी नऊहून अधिक वेळा जमते. कॅफीनमधील इमिडॅझोल नायट्रोजन त्याच जातीचा असल्यामुळे आम्लाची निवड भक्कम पायावर उभी राहते.

कोणतेही आम्ल चालेल असे मात्र नाही. फार तीव्र आम्ल आपला प्रोटॉन नायट्रोजनाला देऊन टाकेल, आणि मग सहस्फटिकाऐवजी लवण मिळेल. याचा अंदाज पीकेए मूल्यांवरून येतो (पीकेए जितके कमी, तितके आम्ल तीव्र) : आम्लारीच्या संयुग्मी आम्लाच्या, म्हणजे प्रोटॉन घेतलेल्या आम्लारीच्या, पीकेए मूल्यातून आम्लाचे पीकेए मूल्य वजा करावे. उत्तर शून्याच्या खाली आले तर सहस्फटिकाची आणि तीनच्या वर गेले तर लवणाची अपेक्षा ठेवावी. मधल्या पट्ट्यात मोजून पाहिल्याशिवाय काही सांगता येत नाही. कॅफीन ही अत्यंत दुर्बल आम्लारी आहे. तिच्या संयुग्मी आम्लाचे पीकेए १ पेक्षाही कमी आहे, तर ऑक्झॅलिक आम्लाचे पहिले पीकेए सुमारे १.२५ आहे. वजाबाकी शून्याखाली येते. म्हणून ऑक्झॅलिक आम्ल बहुतेक कार्बॉक्सिलिक आम्लांच्या तुलनेत बरेच तीव्र असूनही येथे लवण बनत नाही.

आता प्रमाण. ऑक्झॅलिक आम्लाच्या दोन्ही टोकांना एकेक आम्लगट आहे आणि प्रत्येक कॅफीनला एकच नायट्रोजन गुंतवायचा आहे. म्हणून दोन कॅफीनमागे एक आम्ल. कागदावर रेखाटले तर मध्ये आम्ल आणि दोन्ही बाजूंना कॅफीन अशी तीन रेणूंची एकक-रचना दिसते. कॅफीनच्या वलयातील कार्बन-हायड्रोजन गट आम्लाच्या कार्बोनिल ऑक्सिजनकडे झुकतो आणि या दुय्यम, दुर्बल बंधामुळे रचना सपाट राहते. अशा दुय्यम बंधांकडे दुर्लक्ष करण्याची सवय रसायनाच्या विद्यार्थ्यांना असते. माझ्या मते मुख्य बंध जोडीदार ठरवतो, पण जालकाची वीण बऱ्याचदा याच दुर्बल बंधांच्या हाती असते.

घोटण्याची पद्धत

सहस्फटिक मिळवण्यासाठी प्रथम द्रावणाकडे न जाता खलाकडे जावे. त्याचे कारण पुढे येईल.

कॅफीनचा रेणुभार १९४.१९ आणि निर्जल ऑक्झॅलिक आम्लाचा ९०.०३ आहे. बाजारात मिळणारे ऑक्झॅलिक आम्ल मात्र बहुधा डायहायड्रेट असते, म्हणजे त्याच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात, आणि त्याचा रेणुभार १२६.०७ येतो. बाटलीवरचे लेबल न वाचता वजन केले तर आम्ल सुमारे ३० टक्क्यांनी कमी पडते, आणि शेवटी उरलेले मोकळे कॅफीन पाहून प्रयोग फसल्याचा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. दोन मिलिमोल कॅफीन म्हणजे ३८८ मिलिग्रॅम घ्यावे. त्याला एक मिलिमोल आम्ल लागते, म्हणजे निर्जल असेल तर ९० आणि डायहायड्रेट असेल तर १२६ मिलिग्रॅम. वजन मिलिग्रॅमपर्यंत अचूक असावे.

दोन्ही पदार्थ आधी वेगवेगळे बारीक करावेत, नंतर अ‍ॅगेटच्या किंवा चिनी मातीच्या गुळगुळीत खलात एकत्र करून मिथेनॉलचे दोन ते चार थेंब टाकावेत आणि वीस ते तीस मिनिटे सातत्याने घोटावे. पूड खलाच्या कडेला चिकटते. दर पाच मिनिटांनी ती स्पॅट्युलाने खरवडून मध्ये आणावी. मिश्रण पूर्ण कोरडे वाटू लागले तर आणखी एक थेंब द्यावा. बॉल मिल उपलब्ध असल्यास तेवढाच वेळ ती चालवावी. हाताने घोटण्यापेक्षा तिच्यात एकसारखेपणा अधिक येतो आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग तसाच करता येतो.

थेंबांची संख्या अंदाजाने ठरवू नये. द्रवाचे मायक्रोलिटरमधील आकारमान भागिले घन पदार्थांचे मिलिग्रॅममधील वजन, हे गुणोत्तर काढावे. ते शून्य असेल तर कोरडे घोटणे आणि दोनच्या आत असेल तर द्रव-साहाय्याने घोटणे असे धरतात. त्याहून पुढे मिश्रणाचा चिखल बनतो. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच्या घनाला ५० ते १२५ मायक्रोलिटर मिथेनॉल दिले, तर हे गुणोत्तर ०.१ ते ०.२५ येते आणि ते पुरेसे आहे. डायहायड्रेट आम्ल वापरले तर एक मिलिमोलमागे ३६ मिलिग्रॅम पाणी आधीच मिश्रणात असते. त्यामुळे मिथेनॉल न टाकताही ते घोटणे खऱ्या अर्थाने कोरडे नसते, ही बाब नोंदवहीत लिहिली जात नाही आणि मग दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळत नाहीत.

एवढ्याशा द्रवाने काय साधते? पृष्ठभागावरचे रेणू क्षणभर सुटे होतात, फिरतात आणि जोडीदार शोधतात. कोरड्या घोटण्यात त्यांना ही मोकळीक फार कमी असते. पण थेंबाचे काम वेग वाढवण्यापुरतेच नाही. कॅफीन आणि ग्लुटारिक आम्ल यांचा १:१ सहस्फटिक दोन रूपांत मिळतो, म्हणजे घटक तेच पण मांडणी वेगळी. तेच मिश्रण हेक्झेन किंवा सायक्लोहेक्झेनसारख्या अध्रुवीय द्रवाच्या थेंबांनी घोटले तर पहिले रूप येते आणि क्लोरोफॉर्म, अ‍ॅसिटोनायट्राइल किंवा पाणी यांसारख्या अधिक ध्रुवीय द्रवाने घोटले तर दुसरे येते. द्रव नंतर उडून जातो आणि स्फटिकात त्याचा मागमूसही उरत नाही, तरी कोणते रूप जन्माला येणार याचा निर्णय त्यानेच घेतलेला असतो. म्हणून नव्या जोडीसाठी किमान चार वेगळ्या ध्रुवीयतेचे द्रव वापरून पाहावेत, असा माझा आग्रह राहील. एका द्रवावर थांबणारा अभ्यास अपुरा मानावा.

द्रावणातून एकल स्फटिक

घोटून मिळालेली पूड सूक्ष्म असते. रेणू नेमके कसे बसले आहेत हे पाहण्यासाठी ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा एक स्वच्छ, अखंड स्फटिक लागतो, आणि तो द्रावणातच वाढतो.

येथे नवशिक्याची हमखास चूक होते. २:१ प्रमाणात दोन्ही पदार्थ अल्कोहोलात विरघळवून पात्र उघडे ठेवले, की सहस्फटिकच पडेल असे त्याला वाटते. परंतु अल्कोहोलात ऑक्झॅलिक आम्ल कॅफीनपेक्षा कितीतरी पट अधिक विरघळते. द्रावण आटत जाते तसे कॅफीन आधी संपृक्त होते आणि त्याच्या रेशमी, केसासारख्या सुया पडू लागतात; आम्ल द्रावणातच राहते. स्फटिकातील प्रमाण आणि द्रावणातील योग्य प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यावर उपाय म्हणजे अधिक विद्राव्य घटक मुद्दाम जास्त घेणे : आम्लाचे जवळजवळ संपृक्त द्रावण करावे आणि त्यात कॅफीन थोडे थोडे सोडत ढवळावे, म्हणजे कॅफीन एकटे पडण्याऐवजी सहस्फटिकाच्या रूपात खाली येईल. खलात हा प्रश्नच येत नाही, कारण तेथे विद्राव्यतेचा फरक जवळजवळ निष्प्रभ होतो. सुरुवात खलापासून करण्याचे कारण हेच.

चांगला एकल स्फटिक मिळवायचा असेल, तर घोटून केलेल्या पुडीचा उपयोग बीज म्हणून करावा. आम्ल जास्त असलेले द्रावण थोडे गरम करून गाळून घ्यावे, कारण धुळीचा प्रत्येक कण नको असलेले केंद्रक, म्हणजे स्फटिक सुरू होण्याची जागा, ठरतो. द्रावण खोलीच्या तापमानाला आल्यावर त्यात पुडीचे दोन-तीन कण टाकावेत. पात्रावर फॉइल बसवून त्याला टाचणीने तीन-चार भोके पाडावीत आणि पात्र अशा ठिकाणी ठेवावे जेथे पंख्याचा वारा, ऊन आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा धक्का लागणार नाही. रोज उचलून पाहण्याचा मोह आवरावा.

ही बीज टाकण्याची कला महाराष्ट्राला परकी नाही. साखर हा सेंद्रिय स्फटिकच आहे, आणि साखर कारखान्यातील पॅनवर काम करणारा अनुभवी माणूस नेमके हेच करतो. पाक अतिसंपृक्त असावा, पण इतका नसावा की आपोआप बारीक दाणा सुटेल. सुक्रोजच्या बाबतीत ही सुरक्षित पट्टी साधारणपणे संपृक्ततेच्या १ ते १.२ पटीत असते. त्या पट्टीत बीज दिले की दाणा वाढतो आणि नवा दाणा सुटत नाही. पट्टी ओलांडली की पॅनमध्ये भुकटी तयार होते. पोत्यावर एम-३० किंवा एस-३० अशी प्रत लिहिलेली असते. त्यातील अक्षर दाण्याच्या आकाराचे असते, म्हणजे पॅनवरच्या या नियंत्रणाचेच फलित. काचेच्या छोट्या कुपीतही नियम तोच लागू होतो : एकदम गारठवलेल्या द्रावणातून पूड मिळते, सावकाश आटलेल्या द्रावणातून स्फटिक.

स्फटिकाचा बाह्य आकारही द्रावकावर अवलंबून असतो. आयब्युप्रोफेन हेक्झेनमधून लांबट सुयांसारखे येते, मिथेनॉलमधून आखूड, भरीव कणांच्या रूपात येते. आतील मांडणी दोन्हींत एकच असते. ज्या पृष्ठावर द्रावक घट्ट चिकटतो ते पृष्ठ हळू वाढते आणि शेवटी तेच मोठे दिसते. औषध कारखान्यात सुया नकोशा असतात, कारण त्या गाळताना आणि साच्यात भरताना अडचण करतात. त्यामुळे सुया आल्या म्हणून लगेच जोडीदार बदलू नये. आधी द्रावक बदलावा.

जे मिळाले ते खरेच सहस्फटिक आहे का

वितळणबिंदू बदलला एवढ्यावर समाधान मानू नये, कारण दोन पदार्थांचे साधे मिश्रणही कमी तापमानाला वितळते. पहिली कसोटी म्हणजे पुडीचे क्ष-किरण विवर्तन; त्यात प्रत्येक स्फटिक-मांडणी आपली ठरावीक शिखरे दाखवते. तांब्याच्या १.५४०६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या किरणांनी ५ ते ४० अंशांपर्यंतचा आलेख घ्यावा आणि त्याशेजारी चार आलेख ठेवावेत : शुद्ध कॅफीन, कॅफीनचे हायड्रेट, निर्जल ऑक्झॅलिक आम्ल आणि त्याचे डायहायड्रेट. नव्या आलेखात या चारपैकी कोणाचेही नसलेले शिखर दिसले पाहिजे, आणि या चारांची शिखरे नाहीशी झाली पाहिजेत. पुष्कळ जण पहिली अट तपासतात आणि दुसरी विसरतात. हायड्रेटचा आलेख जवळ नसेल तर ओलावा धरलेले कॅफीनच नवा पदार्थ म्हणून मिरवले जाण्याचा धोका असतो.

दुसरी कसोटी प्रोटॉनची. सहस्फटिक म्हणायचे असेल तर आम्लाचा प्रोटॉन आम्लाकडेच राहिला पाहिजे. अवरक्त वर्णपटात उदासीन आम्लगटाचे कार्बोनिल १७०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास दिसते (पुढचे आकडेही याच एककात). लवणात ते हरपते आणि १५५० ते १६१० या पट्ट्यात नवे शोषण येते. २४५० आणि १९०० च्या सुमारास पसरट, बुटके पट्टे दिसले तर ओ-एच आणि नायट्रोजन यांचा उदासीन बंध जमला असल्याचे ते बोलके लक्षण आहे. एकल स्फटिकाची संरचना मिळाली असेल तर आम्लगटातील दोन कार्बन-ऑक्सिजन अंतरे मोजावीत : एक सुमारे १.२१ आणि दुसरे १.३१ अँगस्ट्रॉम असेल तर प्रोटॉन जागेवर आहे, दोन्ही १.२५ च्या आसपास असतील तर तो गेला आहे. ही सगळी उपकरणे बऱ्याच महाविद्यालयांत नसतात. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा किंवा आयआयटी मुंबई यांसारख्या संस्थांत ती आहेत. नमुना पाठवताना कुपी घट्ट बंद करून तिच्यावर तारीख, प्रमाण आणि वापरलेला द्रव लिहावा.

दमटपणाची परीक्षा

मूळ प्रश्न ओलाव्याचा होता, त्यामुळे ही परीक्षा झाल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. काही क्षारांच्या संपृक्त द्रावणावरची हवा ठरावीक आर्द्रता राखते : २५ अंश सेल्सिअसला मॅग्नेशियम क्लोराइडवर सुमारे ३३ टक्के, पोटॅशियम कार्बोनेटवर ४३, साध्या मिठावर ७५ आणि पोटॅशियम सल्फेटवर ९७ टक्के. चार बंद बरण्यांच्या तळाशी ही द्रावणे ठेवावीत. प्रत्येक द्रावणात न विरघळलेला क्षार थोडा तरी दिसत राहिला पाहिजे, नाहीतर आर्द्रता घसरते किंवा चढते. द्रावणाच्या वर जाळी बसवून तिच्यावर उघड्या, वजन केलेल्या बशा ठेवाव्यात.

प्रत्येक बरणीत तीन नमुने असावेत : सहस्फटिक, शुद्ध कॅफीन आणि दोन घटकांचे न घोटलेले मिश्रण. तिसरा नमुना अनेकांना अनावश्यक वाटतो. पण फरक सहस्फटिकामुळे पडला की नुसत्या आम्लाच्या उपस्थितीमुळे, हे त्याच्यावाचून ठरत नाही. एक, तीन, सात दिवसांनी आणि पुढे दर आठवड्याला वजन करावे. पूर्ण हायड्रेट बनताना एका कॅफीनमागे ०.८ पाणी येते, म्हणून शुद्ध कॅफीनचे वजन साधारण ७.४ टक्क्यांनी वाढायला हवे. सहस्फटिक फुटला आणि दोन्ही घटकांनी आपापले पाणी धरले तर हिशेबाने ही वाढ सुमारे १३.५ टक्क्यांपर्यंत जाईल. केंब्रिजच्या अभ्यासात ९८ टक्के आर्द्रतेत अनेक आठवडे ठेवूनही ऑक्झॅलिक आम्लाचा सहस्फटिक जसाच्या तसा राहिला. मॅलोनिक, मॅलिइक आणि ग्लुटारिक आम्लांचे सहस्फटिक तितके टिकले नाहीत. वजन स्थिर राहिले तरी शेवटी पुन्हा विवर्तनाचा आलेख घ्यावा.

मुंबई किंवा कोकणात हा प्रयोग पावसाळ्यात होत असेल तर बरणी उघडण्याची वेळही प्रयोगाचा भाग धरावी. जुलै-ऑगस्टमध्ये तेथील हवेतील आर्द्रता बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणजे ३३ टक्क्यांच्या बरणीतला नमुना तराजूवर असतानाच पाणी धरू शकतो. वातानुकूलित खोलीतून बाहेर आणलेल्या गार बरणीवर दव साचते आणि आतही एखादा थेंब पडू शकतो. एका थेंबाने आठवड्याचे काम वाया जाते.

गुणधर्म वेगळा असेल तर

विचाराची दिशा तीच ठेवून प्रश्न बदलता येतो. पॅरासिटामॉलचे नेहमीचे रूप दाबून गोळी करायला त्रासदायक ठरते, कारण त्याच्या स्फटिकातील रेणूंचे थर नालीदार पत्र्यासारखे वळणदार असतात आणि एकमेकांवरून घसरू शकत नाहीत. दुसऱ्या रूपात थर सपाट असतात आणि ते सहज दबते, पण ते कमी स्थिर आहे. येथे शोध घ्यायचा तो सपाट थर देणाऱ्या जोडीदाराचा. ऑक्झॅलिक आम्ल, थिओफायलिन, नॅफ्थॅलीन आणि फेनाझिन यांच्याशी केलेले पॅरासिटामॉलचे सहस्फटिक अशा थरांचे आहेत आणि ते अधिक चांगले दाबले जातात, हे २००९ मध्ये दाखवले गेले. अर्थात नॅफ्थॅलीन म्हणजे डांबराच्या गोळ्यांतले रसायन. ते औषधात घालायचे नाही. तत्त्व सिद्ध करण्यासाठी वापरलेला जोडीदार आणि रुग्णाला चालणारा जोडीदार यांत फरक करावाच लागतो.

प्रकाशाने होणारी अभिक्रिया हवी असेल, तर दोन दुहेरी बंध समांतर आणि ४.२ अँगस्ट्रॉमच्या आत यावे लागतात, हा श्मिट यांच्या कामातून आलेला निकष आहे. हे अंतर नशिबावर न सोडता, रिसॉर्सिनॉलच्या दोन हायड्रॉक्सिल गटांनी दोन रेणूंना शेजारी धरून ठेवण्याची युक्ती २००० मध्ये यशस्वी झाली. औषधांच्या बाजारातही सहस्फटिक पोहोचले आहेत. हृदयविकारावरील सॅक्युबिट्रिल आणि व्हॅल्सार्टन यांचे २०१५ मध्ये मान्यता मिळालेले संयुक्त औषध त्याच वर्गात मोडते.

बीजांची शिस्त

एखादे अधिक स्थिर रूप प्रयोगशाळेत एकदा जन्माला आले, की त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत, कपड्यांवर आणि भांड्यांवर राहतात आणि आधीचे रूप पुन्हा मिळवणे अवघड होऊन बसते. एचआयव्हीवरील रिटोनाव्हिर हे औषध १९९६ मध्ये बाजारात आले. १९९८ मध्ये त्याच्या कॅप्सूलमध्ये कमी विद्राव्य असे दुसरे रूप अवतरले आणि त्या कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. त्यामुळे ग्लुटारिक आम्लाच्या सहस्फटिकाची दोन रूपे करायची असतील तर ती एकाच खलात, एकाच टेबलावर आणि एकाच दिवशी करू नयेत. प्रत्येक रूपासाठी खल, स्पॅट्युला आणि चाळणी वेगळी ठेवावी, भांडी पदार्थ चांगला विरघळवणाऱ्या द्रावकाने धुऊन भट्टीत वाळवावीत आणि तयार झालेल्या प्रत्येक रूपाचे दहा-वीस मिलिग्रॅम सीलबंद कुपीत, कोरड्या जागी, बीज म्हणून राखून ठेवावेत. कुपीवर द्रवाचे नाव आणि थेंबांचे गुणोत्तर लिहिलेले असावे.